वसाहतवाले, मूळचे लोक आणि मातीतला पुरावा: कित्तूर-खानापूरकडून बघताना

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आपल्या इतिहास विभागात धागे निघतात ते कदंबांवर, रट्टांवर, आदिलशाहीवर, नाहीतर फिरून फिरून सीमाप्रश्नावर. सीमाप्रश्नाला स्वतंत्र धागा आहे, जी काय हाणामारी ती तिकडं. इथं मला जरा आडवाटेचा विषय काढायचाय. बाहेरून आलेले वसाहतवाले आणि त्या जमिनीवर आधीपासून नांदणारे लोक समोरासमोर आले, तेव्हा मातीत काय उरलं? कागदावर काय उरलं ते माहीत आहे, कारण लिहिणारा बहुतेक वेळा एकाच बाजूचा होता.

अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नावाची नदी आहे. तिच्या काठी २५ जून १८७६ ला अमेरिकी फौजेतल्या कस्टर नावाच्या अधिकाऱ्याची तुकडी तिथल्या मूळच्या लाकोटा, शायेन आणि अरापाहो जमातींच्या योद्ध्यांनी साफ कापून काढली. कस्टरबरोबरचा एकही शिपाई वाचला नाही, म्हणजे लढाई कशी झाली हे सांगायला गोऱ्यांकडं साक्षीदारच नाही. मग चित्रं निघाली, तमाशे निघाले, टेकडीवर शेवटच्या गोळीपर्यंत झुंजणारा कस्टर घरोघरी भिंतीवर लागला. लाकोटा आणि शायेन म्हातारे मात्र पहिल्यापासून वेगळं सांगत होते: गोंधळ उडाला, रांगा मोडल्या, फार वेळ लागला नाही. त्यांचं ऐकतोय कोण?

१९८३ मध्ये त्या माळाला वणवा लागला. गवत जळालं, जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी मेटल डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांची रांग लावून सगळा माळ विंचरून काढला. काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली की तिथंच निशाण रोवायचं, नकाशावर टिंब मारायचं, मगच उचलायची. बंदुकीची पिन पुंगळीच्या बुडावर जी खूण पाडते ती प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. त्यामुळं एकाच बंदुकीच्या पुंगळ्या माळावर कुठून कुठं सरकत गेल्या ते काढता आलं. म्हणजे ज्याचं नावगाव कुठंच लिहिलेलं नाही असा एक योद्धा या घळीतून त्या टेकाडावर कसा गेला, ते पावलापावलानं दिसू लागलं. शिपायांकडं एकबारी स्प्रिंगफील्ड कार्बाईन होत्या, आणि समोरच्यांतल्या बऱ्याच जणांकडं लागोपाठ बार काढणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर. शिपायांच्या पुंगळ्यांची मांडणी शिस्तीत मागं हटणाऱ्या फौजेसारखी निघाली नाही. म्हाताऱ्यांचं बोलणं नकाशाशी जुळलं.

आता आपल्याकडं या. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यापाशी मारला गेला. डिसेंबरात कंपनीनं मोठी फौज आणून किल्ला घेतला. राणी चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवलं, १८२९ मध्ये त्या तिथंच वारल्या. संगोळ्ळी रायण्णानं त्यानंतर रानातून कंपनीला सळो की पळो केलं आणि जानेवारी १८३१ मध्ये त्याला आपल्याच तालुक्यात नंदगडला फाशी दिली. थॅकरेचा स्तंभ धारवाडला उभा आहे. रायण्णाच्या समाधीवर लोक नवस बोलतात. पण लढाईचा तपशील विचाराल तर पत्रं, अहवाल, गॅझेटिअर, जवळजवळ सगळं साहेबाच्या हातचं. रायण्णावरची कानडी लावणी टिपून छापली तीसुद्धा फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं!

तर प्रश्न असा: कित्तूर ते नंदगड या पट्ट्यात माती काय बोलेल? जाणकारांनी लिहावं. नुसतं '+१' लिहून जाऊ नये.

---

अनगोळचा_आप्पा

लेख छान, पण ताळमेळ बसत नाही की राव. अमेरिकेत गोरे आले ते बायकापोरं घेऊन राहायला आले. जमीन घेतली, माणसं हाकलली, शहरं वसवली. आपल्याकडं साहेब आला, कलेक्टरी केली, हिवताप झाला तर कॅम्पातल्या कबरस्तानात गेला, नाहीतर पेन्शन घेऊन मायदेशी. त्याला वसाहत म्हणायची तर उद्या बदलीवर आलेल्या तहसीलदारालाही म्हणा.

आणि 'मूळचे लोक' म्हणजे कोण हो? या जिल्ह्यात हा प्रश्न विचारायचा म्हणजे हेल्मेट घालून विचारायचा.

---

चित्रदुर्ग_ते_चंदगड

आप्पा, हेल्मेटवाला मुद्दा मान्य. कंपनीनं १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेतला तेव्हा आपलं आणि त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट असेल, की भांडायचंच.

---

दीपा_टिळकवाडी

पुरातत्त्वात एम.ए. केलंय आणि काही वर्षं उत्खननांवर राबलेय, म्हणून लिहिते. आप्पा, तुमचा पहिला आक्षेप अर्धा बरोबर आहे. दख्खनमध्ये इंग्रज कायमचा राहायला आला नाही. पण या अभ्यासाचा जीव 'कोण किती दिवस राहिलं' यात नाही, एका छपराखाली काय घडलं यात आहे. उदाहरण देते.

फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन नावाचं गाव आहे, स्पॅनिशांनी १५६५ मध्ये वसवलेलं. कॅथलीन डीगन या बाईंनी तिथं वर्षानुवर्षं खोदकाम केलं. स्पॅनिश शिपायांनी तिथल्या मूळच्या समाजातल्या बायकांशी लग्नं केली होती, चर्चच्या वहीत नोंदी आहेत. त्या वहीत बाई एका ओळीत संपते. परसातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात मात्र ती संपत नाही. जेवायला वाढायची भांडी, बटणं, बकलं, घराची बांधणी, म्हणजे पाहुण्याला दिसणारं जे जे, ते स्पॅनिश. आणि चुलीपाशी काजळी धरलेली, हातानं घडवलेली खापरं त्या बायकांच्या माहेरची. पुढच्या दारानं राज्य स्पेनचं, मागच्या दारानं हात वेगळेच. हा निष्कर्ष कुठल्याही पत्रातून निघाला नसता, कारण पत्र लिहिणारा स्वयंपाकघरात गेलाच नव्हता.

दुसरं ठिकाण कॅलिफोर्नियातलं फोर्ट रॉस. रशियन कंपनीनं १८१२ मध्ये उभारलं. पाणमांजरांची कातडी मिळवायला अलास्काकडचे अल्युटिक शिकारी आणले, त्यांनी तिथल्या काशाया पोमो बायकांशी संसार थाटले. केंट लाइटफूट यांनी काशाया लोकांना बरोबर घेऊन त्या वस्तीचे उकिरडे तपासले. वस्ती समुद्राकडं तोंड करून, हाडांची शिकारीची हत्यारं अलास्का पद्धतीची. पण अन्न शिजवायची तऱ्हा, चुलीतले तापवायचे दगड, केर टाकायची शिस्त काशाया बायकांची. रशियन कागदात हे सगळे मिळून 'कंपनीचे मजूर'.

आता कॅम्पातले जुने बंगले आठवा. पुढं व्हरांडा, मागं सुटा बावर्चीखाना आणि नोकरांच्या खोल्या. त्या मागच्या अंगणाचा उकिरडा कुणी नीट चाळला तर इंग्लंडहून आलेल्या निळ्या नक्षीच्या बशीचा तुकडा आणि गावच्या कुंभाराच्या मडक्याचं खापर एकाच खड्ड्यात सापडायला हरकत नाही. कुठल्याचं प्रमाण किती, कुठलं चुलीवर चढलेलं आणि कुठलं नुसतं मांडून ठेवलेलं, यावरून त्या घराचा कारभार वाचता येतो.

अडचण आमच्याच लोकांच्या सवयीची आहे. उत्खननाला बसलं की वरचा दोन-तीनशे वर्षांचा थर म्हणजे अडगळ. तो झटपट काढायचा आणि खालचं सातवाहन गाठायचं. आपल्या वडगाव-माधवपूरला सातवाहनकाळ सापडला याचा अभिमान आहेच, पण 'वरचं' म्हणून जे टोपलीतून बाहेर जातं त्यातच या धाग्याचा विषय असतो.

---

अनगोळचा_आप्पा

स्वयंपाकघराचं पटलं. तरी म्हणतो, भारतात खरा धडा शोधायचा तर आपल्या जिल्ह्यात नव्हे.

---

दीपा_टिळकवाडी

होय, अंदमानात. तिथं तुमची व्याख्या तंतोतंत लागू पडते. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली आणि पुढच्याच वर्षी अंदमानी लोकांनी तिच्यावर चाल केली, ॲबरडीनची लढाई म्हणतात ती. त्याआधी आणि त्यानंतर त्या लोकांनी काय केलं? फुटलेल्या जहाजांचं लोखंड घेऊन बाणांची टोकं केली. दाढी-डोकं भादरायला आणि अंगावर चिरे पाडायला गारगोटीच्या छिलक्या वापरत, त्या जागी बाटलीच्या काचेच्या छिलक्या काढायला लागले. साहेबाची बाटली, पण हत्यार घडवायची विद्या हजारो वर्षांची स्वतःची.

आता यात आणखी एक पेच बघा. अंदमानात आणून टाकलेले कैदी हिंदुस्थानचेच. इंग्रजांच्या हिशेबी ते गुन्हेगार, अंदमान्यांच्या हिशेबी जंगल तोडायला आलेले परके. तुमचा 'कोण मूळचं' हा प्रश्न तिथंही हेल्मेट मागतो.

---

ब्रिस्बेनचा_बेळगावकर

शहापूरचा आहे, पोटापाण्यासाठी इकडं. काचेचा विषय निघाला म्हणून राहवत नाही.

ऑस्ट्रेलियात दक्षिणेकडून डार्विनपर्यंत तारयंत्राची लाइन १८७२ मध्ये पुरी झाली. खांबांवर चिनीमातीचे पांढरे इन्सुलेटर होते. तिथल्या आदिवासींनी ते काढून त्यांची भाल्याची टोकं केली. हातात घेतलेलं नाही, काचेच्या कपाटात पाहिलंय: बोटाएवढं, पातळ, दोन्ही कडांना बारीक दातरे, हाडाच्या टोकानं दाबून एकेक छिलका उडवलेला. चकाकी तीच, जी आपल्या कपबशीला असते. वायव्येकडच्या किम्बर्ली भागात बाटलीच्या काचेची अशीच टोकं करत. लाइनमन लोक म्हणे खांबाखाली रिकाम्या बाटल्या ठेवून जात, निदान इन्सुलेटर तरी वाचावेत.

पण गोष्ट इथं संपत नाही. ही टोकं इतकी देखणी की गोऱ्या हौशी लोकांनी ती जमवायला सुरुवात केली. मागणी वाढली तशी ती विकायला म्हणून घडवली जाऊ लागली. म्हणजे संग्रहालयात जे 'अस्सल आदिम हत्यार' म्हणून मांडलंय, त्यातलं पुष्कळसं साहेबाच्या आवडीचा अंदाज घेऊन एका हुशार कारागिरानं केलेला माल आहे. मला तर हे वाचून त्या कारागिराचं कौतुकच वाटलं.

दुसरं, जरा जड आहे. क्वीन्सलँडमध्ये १९व्या शतकात 'नेटिव्ह पोलीस' होते. अधिकारी गोरे, शिपाई आदिवासी, मुद्दाम लांबच्या मुलखातले. त्यांनी केलेल्या आदिवासींच्या कत्तलींच्या जागा सापडणं फार कठीण. प्रेतं जाळली गेली, हाडं विखुरली, उघड्यावर काही टिकत नाही. म्हणून तिकडच्या संशोधकांनी उलट बाजूनं धरलं, पोलिसांचे तळ शोधले. तिथं गणवेशाची बटणं, काडतुसं, आणि शिपायांच्या झोपड्यांपाशी पुन्हा तेच, काचेची घडवलेली हत्यारं. अंगावर सरकारी बटणं आणि हातात आजोबांची विद्या. त्या माणसाला कुठल्या बाजूला ठेवायचं?

मलप्रभाकाठकाका, कित्तूरला चाल करून गेलेल्या पलटणींत शिपाई कोण होते, हे तुमच्या मूळ लेखात यायला हवं होतं.

---

मलप्रभाकाठ

रास्त. कंपनीची फौज म्हणजे थोडे गोरे आणि बाकी देशी शिपाई. त्याआधी १८१७-१८ मध्ये कंपनीचा अधिकारी मन्रो यानं दक्षिण मराठा मुलूख घेतला तोही थोडक्या फौजेनिशी, गावोगावचे प्यादे पगारावर उभे करून. म्हणजे पेशवाईचे ठाणेदार हुसकायला इथलेच लोक. कित्तूर पडलं तेव्हाही दोन्हीकडं भाकरीच खाणारे होते.

एक गोष्ट माझ्याकडून. खणणारा कोण, हाही प्रश्न आहे. पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला अहवाल बर्जेसनं १८७४ मध्ये काढला तो बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांचाच. ब्रूस फूट भूगर्भ खात्याचा माणूस. त्यानं १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हातकुऱ्हाड उचलली आणि हिंदुस्थानच्या अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. त्याच फूटला आपल्या गोकाकजवळ ओढ्याच्या काठात गेंड्याचे जीवाश्म मिळाले. गोकाकात गेंडा! इंग्रज अधिकारी मेडोज टेलरनं सुरपूरकडं दगडी थडगी उकरली. या लोकांची नजर तल्लख होती, कष्ट अफाट होते, त्यांच्याशिवाय आपण अजून पांडवांच्या नावावर सगळं खपवत बसलो असतो. पण त्यांच्या टिपणांत दगड सापडतो, थडगं सापडतं, फावडं मारणारा माणूस सापडत नाही. जिवंत गावाकडं पाठ करून मेलेल्या गावाकडं बघायचं, हा त्या काळचा धर्मच होता.

---

कौलारू_खानापूर

आमचं घराणं कौलाच्या धंद्यातलं. खानापूरची माती म्हणजे सोनं, म्हणून तर कुंभारकामाचं केंद्रीय प्रशिक्षण इथं आलं. दीपाक्का मडक्याबद्दल बोलल्या, मी कौलाबद्दल सांगतो.

मंगळुरी कौल हे पाद्र्यांचं देणं. बासल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला. त्याआधी आपल्याकडं नळीची कौलं, नाहीतर गवत, नाहीतर माळवद. तेव्हा पडक्या घराच्या ढिगाऱ्यात सपाट, खाचेचं मंगळुरी कौल मिळालं तर ते छप्पर १८६५ नंतरचं, एवढं कुठल्याही कोर्टात सांगेन. पण एक खबरदारी. कौलाच्या पोटावर '१८६५' असा छाप दिसला की लोक उड्या मारतात, दीडशे वर्षांचं कौल मिळालं म्हणून. अहो, ते कारखाना सुरू झाल्याचं साल! पुढं कितीतरी वर्षं तोच छाप मारत होते.

आणि नळीच्या कौलावर बोटांचे ठसे असतात. ओली पोळी साच्यावर थापताना उमटलेले. कधी चार बोटं, कधी कडेला अंगठा. छाप कारखान्याचा, ठसा कुंभाराचा. यावर कुणी अभ्यास करतं का?

---

दीपा_टिळकवाडी

करतात. ठशांच्या रेषांमधलं अंतर मोजून, भाजल्यावर माती किती आखडते त्याचा हिशेब धरून, घडवणारं मूल होतं की मोठं माणूस याचा अंदाज बांधतात. कौलारू दादा, तुमच्याकडची जुनी फुटकी कौलं टाकू नका, कुठल्या गावच्या कुठल्या घरावरून उतरवली तेवढं प्रत्येकावर खडूनं लिहून ठेवा.

---

सीमासिंह_०१

एवढं सगळं लिहिण्यापेक्षा सरळ लिहा ना, इथले मूळचे कोण आणि उपरे कोण ते. २००० वर्षांचा पुरावा

*(उर्वरित मजकूर संपादित. या विषयाला वेगळा धागा आहे. – व्यवस्थापन)*

---

रानवाट_जांबोटी

व्यवस्थापनाचे आभार.

खाली गोव्याकडं बघितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आप्पा म्हणतात इथं वसाहत झाली नाही. घाट उतरला की झालीच होती, १५१० पासून. आणि तिचे शिंतोडे आपल्या रानात पडलेत.

देव पळाले, ते माहीत आहे. मंगेशीचा देव १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला हलवला. मूळ जागा एकीकडं, देव दुसरीकडं, आणि मधली नदी ही त्या काळची हद्द. जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वाड्याची काळ्या दगडाची चौकट अजून उभी आहे, बाकी सगळं जांभ्याचं आणि चुन्याचं. हे मोठं मोठं झालं.

माझा मुद्दा सिद्दी लोकांचा. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं गोव्यातून निसटून घाटावरच्या जंगलात शिरली. त्यांचे वंशज आज हल्याळ, यल्लापूर, अंकोला आणि आपल्या खानापूर तालुक्यात आहेत. घरात कोकणी, बाजारात मराठी-कानडी, नाचाला दमामी. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना २०२० मध्ये. शेजारच्या तालुक्यातल्या भावाला जे मिळालं ते यांना मिळायला सतरा वर्षं जास्त लागली, जिल्ह्याची रेघ आडवी आली म्हणून.

ब्राझीलमध्ये पाल्मारेस म्हणून निसटलेल्या गुलामांचं अख्खं राज्य होतं, पोर्तुगिजांनी १६९४ मध्ये मोडलं. तिथं १९९२-९३ मध्ये ऑर्सर आणि फुनारी यांनी खणलं. लोकांना वाटत होतं आफ्रिकेच्या खुणा मिळतील. मिळाली ती बरीचशी मूळच्या अमेरिकन लोकांच्या धाटणीची खापरं. म्हणजे निसटलेली माणसं रानात एकटी नव्हती, तिथल्या आधीच्या लोकांत मिसळली होती. आपल्या रानात सिद्दी, कुणबी, गवळी-धनगर असेच शेजारी राहत आले. कुणी कुणाला बी दिलं, कुणी कुणाकडून मडकं घेतलं, कुणाचा देव कुणी पुजला, हे कुठल्या पोर्तुगीज दप्तरात सापडणार?

कुमरी शेतीचंही तेच. डोंगरउतार भाजायचा, नाचणी पेरायची, दोनेक वर्षांनी दुसरीकडं. इंग्रजांच्या वनखात्यानं १९व्या शतकात त्यावर बंधनं आणली, जंगल 'राखीव' झालं, कुमरी करणारा आपल्याच रानात गुन्हेगार. हद्दीचे दगड अजून दिसतात. जमिनीखाली कोळशाचा थरही असणार, पण त्याला नाव देणारं कुणी पाहिजे.

---

अनगोळचा_आप्पा

रानवाट, हे लिखाण आवडलं. आता माझा दुसरा आक्षेप. हे सगळं खणणं होतं कुणाच्या परवानगीनं? गोऱ्यांनी आधी माणसं मारली, मग त्यांची हाडं पेट्यांत भरली, आता म्हणतात तुमचा इतिहास आम्ही सांगतो. वाघनखं साताऱ्याला आली ती पण तीन वर्षांच्या उसनवारीवर! त्यांच्या भाषेत 'लोन'. आपल्या पतसंस्थेला निदान व्याज तरी कळतं.

---

दीपा_टिळकवाडी

आप्पा, याच भांडणानं हा विषय बदलला. अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला, संग्रहालयांतली हाडं आणि पूजेच्या वस्तू त्या त्या जमातीला परत करण्याचा. १९९६ मध्ये कोलंबिया नदीकाठी सुमारे साडेआठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला. जमाती म्हणाल्या, आमचा पूर्वज आहे, पुरू द्या. शास्त्रज्ञ कोर्टात गेले आणि जिंकले. २०१५ मध्ये डीएनएनं जमातींचं म्हणणं खरं ठरवलं आणि २०१७ मध्ये त्याला पुन्हा मूठमाती मिळाली.

हे फक्त तिकडचं नाही. नागा लोकांच्या कवट्या ऑक्सफर्डच्या संग्रहालयात होत्या, २०२० मध्ये त्या मांडणीतून काढल्या. २०२४ मध्ये तर इंग्लंडमध्ये एक नागा कवटी लिलावाला निघाली होती, ओरडा झाल्यावर मागं घेतली.

चांगलं उदाहरणही देते. व्हर्जिनियात पोहॅटन या प्रमुखाची राजधानी वेरोवोकोमोको कुठं होती, याचा अनेक वर्षं नुसता अंदाज होता. एका शेतमालकिणीनं आपल्या शेतात फिरताना खापरं गोळा करून ठेवली होती, त्यावरून २००२-०३ च्या सुमारास ठिकाण पक्कं झालं. फावडं मारण्याआधी तिथल्या जमातींचं सल्लागार मंडळ बसवलं. जवळच जेम्सटाउनला इंग्रजांनी १६०७ मध्ये किल्ला केला, तिथल्या सुरुवातीच्या थरांत तांब्याच्या पत्र्याची कात्रणंच कात्रणं. पोहॅटनच्या लोकांत तांबं म्हणजे मानाची वस्तू, इंग्रज त्याच्या बदल्यात मका घेत. उपाशी किल्ला तांबं कापून पोट भरत होता. आपण 'गोऱ्यांनी मणी देऊन फसवलं' असं म्हणतो, पण त्या हिवाळ्यांत धान्य कुणाच्या हातात होतं ते बघा.

मलप्रभाकाठकाका, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. कित्तूर-नंदगड पट्ट्यात लिटल बिगहॉर्नसारखं काम होऊ शकतं, पण तसंच्या तसं नाही. पिनची खूण धातूच्या पुंगळीवर उमटते, १८२४ मध्ये पुंगळी नव्हतीच. कागदी काडतूस, ठासणीची बंदूक. मागं राहते ती शिशाची गोळी. कंपनीच्या शिपायांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटर, गोळी साडेसतराच्या आसपास, साच्यातून काढलेली, एकसारखी. गावच्या तोड्याच्या बंदुकीच्या गोळ्या लहानमोठ्या, कधी लोखंडाच्याही. चपटी झालेली गोळी म्हणजे कशावर तरी आदळलेली, गोल राहिलेली बहुधा हातातून पडलेली. पडलेल्या गोळ्या जिथं जास्त तिथं माणसं घाईनं बार भरत उभी होती. एवढ्यावरून रेषा काढता येते.

मात्र कुणीही मेटल डिटेक्टर मागवून रायण्णाच्या रानात जाऊ नये, हात जोडून सांगते. गोळी उचलली आणि जागा लिहिली नाही, तर ते नुसतं शिसं. शिवाय निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आहे: जमिनीत दडलेली मोलाची वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंना १९७२ चा कायदा आहे. संरक्षित जागेत तर विचारायलाच नको.

---

नवाखेडूत

पहिल्यांदाच लिहितोय, वाचत रोज असतो. आमचं शेत नंदगडच्या अलीकडं. नांगरताना दोन वस्तू मिळाल्यात. एक, जाड काळपट हिरव्या काचेचं बाटलीचं बूड, आत उंच टेंगूळ आल्यागत. दुसरी, बाटलीची मान, मधी दोन बाजूंनी चिमटा काढल्यासारखी. दीपाक्का, हे काय असंल?

---

दीपा_टिळकवाडी

दुसरीचं सोपं आहे, गोटी सोड्याची बाटली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये ती रचना काढली, चिमट्यात गोटी अडकते. म्हणजे ती मान १८७२ नंतरची, रायण्णाशी संबंध नाही.

बूड जास्त मोलाचं. टेंगळाच्या मधोमध बोट फिरवून बघा, काचेचा खरखरीत वण लागतो का. लागला तर बाटली तोंडानं फुंकून, सळईवर धरून केलेली, आणि ती पद्धत १९व्या शतकाच्या मध्यानंतर मागं पडत गेली. मग कडा बघा. नांगरानं उडालेले टवके वेडेवाकडे, ताजे, एकेकटे असतात. एकाच बाजूनं, ओळीनं, एकाशेजारी एक बारीक छिलके दिसले तर ते माणसानं काढलेले असू शकतात. ते दिसलं तर मला लगेच कळवा.

फोटो तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि शेताच्या कुठल्या बांधाकडं मिळालं ते आठवत असेल तर साधा नकाशा काढून त्यावर खूण करा.

---

नवाखेडूत

बांध आठवतोय, ओढ्याकडचा. फोटो उद्या टाकतो. आईनं ते बूड तुळशीपाशी उदबत्त्या रोवायला ठेवलंय, आधी तिच्याकडनं मागून घ्यायला लागतंय.